1857 ची ‘ती’ एन्फिल्ड चार वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात कशी पोहोचली?

एन्फिल्ड म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे बुलेट, आणि दुसरी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 1857.

दोन्ही नावं एकाच जागेवरून आली आहेत. लंडनजवळच्या एन्फिल्डमध्ये ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना होता. त्याला सुटे भाग पुरवण्यावरून मोटारसायकलवाल्या कंपनीने पुढे हे नाव घेतलं. बुलेटच्या जुन्या लोगोत तोफ असायची, ती याचमुळे.

1857 ची गोष्ट आपल्याला पाठ असते. नवी बंदूक आली, तिच्या काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि ती काडतुसं दातांनी तोडायची सक्ती होती. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडेंनी शस्त्र उचललं. मेरठमध्ये 85 घोडेस्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि 10 मे ला उठावाचा भडका उडाला. त्या बंदुकीचं पूर्ण नाव होतं एन्फिल्ड पॅटर्न 1853.

आपल्या पुस्तकात तिची गोष्ट इथेच संपते. पण पुढच्या आठ वर्षांत याच मॉडेलच्या 9 लाखांच्या आसपास बंदुका जहाजांत भरून अमेरिकेला गेल्या. तिथे भाऊ भावावर गोळ्या झाडत होता आणि एन्फिल्ड दोघांच्याही हातात होती.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या बंदुकांबद्दल इंटरनेटवर भरपूर रील्स आणि व्हिडिओ सापडतात. त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: ‘नवी घातक रायफल आली आणि लाखो माणसं मेली.’ हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आधी बंदूक समजून घ्यावी लागेल.

युद्ध कशावरून पेटलं होतं?

थोडक्यात सांगायचं तर गुलामगिरीवरून. दक्षिणेकडच्या राज्यांची अर्थव्यवस्था कापसावर उभी होती आणि कापूस गुलामांच्या श्रमावर. 1860 च्या निवडणुकीत अब्राहम लिंकन जिंकले, तेव्हा आता गुलामगिरीवर गदा येणार या भीतीने दक्षिणेची राज्यं एकेक करून बाहेर पडली आणि त्यांनी स्वतःचं वेगळं राष्ट्र जाहीर केलं. त्याला कॉन्फेडरसी म्हणतात. उत्तरेकडचं मूळ सरकार म्हणजे युनियन. 12 एप्रिल 1861 ला फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि युद्ध सुरू झालं. ते एप्रिल 1865 पर्यंत चाललं.

मृतांचा जुना आकडा 6 लाख 20 हजारांचा. 2011 मध्ये जनगणनेच्या नोंदी पुन्हा तपासून मांडलेला नवा अंदाज साडेसात लाखांच्या घरात जातो.

आता आकडा मोठा, म्हणून बंदूक घातक, असं सरळ गणित आपण मांडतो. पण यातले दोन तृतीयांश सैनिक गोळीने मेलेच नाहीत. ते जुलाब, टायफॉइड, न्यूमोनिया आणि मलेरियाने मेले. छावणीतलं घाण पाणी हे त्या युद्धातलं सगळ्यात घातक शस्त्र होतं, असं म्हटलं तरी चालेल. तरीही उरलेला एक तृतीयांश भाग छोटा नाही, आणि त्यातल्या बहुतेकांचा जीव ठासणीच्या बंदुकीने घेतला.

ठासणीची बंदूक, पण वेगळी

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिली असेल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग गोळी किंवा छर्रे घालायचे, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. अमेरिकेतली 1861 ची बंदूक चालायची ती याच पद्धतीने. फरक होता तो नळीच्या आत आणि गोळीच्या आकारात.

जुन्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत असायची आणि गोळी गोल. गोळी नळीपेक्षा थोडी लहान ठेवायचे, म्हणजे ती पटकन आत सरकते. पण त्यामुळे ती सुटताना नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडायची आणि कुठे जाईल याचा नेम नसायचा. 100 यार्डांच्या पुढे (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा किंचित कमी) एका माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ.

नळीच्या आत पिळदार खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत सुटते आणि सरळ जाते, हे लोकांना शेकडो वर्षांपासून माहीत होतं. त्या खाचांमुळेच रायफलला रायफल म्हणतात. पण खाचांमध्ये गोळी घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी नळीच्या तोंडातून खाली ठोकायला वेळ लागतो. शत्रू अंगावर येत असताना एवढा वेळ कोणाकडे असतो? म्हणून रायफल शिकाऱ्यांकडे आणि काही खास तुकड्यांकडे राहिली. साध्या शिपायाच्या हातात मस्केटच.

हे कोडं 1849 च्या सुमारास क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने सुटलं. ही गोळी पुढून निमुळती आणि मागून पोकळ होती. आकाराने नळीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे सहज आत सरकायची. पण दारू पेटली की वायूच्या दाबाने तिचा पोकळ बूड फुगायचा आणि खाचांना घट्ट चिकटायचा. म्हणजे भरायला मस्केटइतकी सोपी आणि मारायला रायफलसारखी अचूक. अमेरिकन सैनिक तिला ‘मिनी बॉल’ म्हणायचे. ती मिनीही नव्हती आणि बॉलही नव्हती.

एक माणूस, तीन कारखाने

मिनिएच्या मूळ गोळीत मागे लोखंडाची छोटी वाटी बसवावी लागायची. ती वाटी काढून टाकून गोळी स्वस्त आणि साधी करण्याचं काम जेम्स बर्टन या अमेरिकन तंत्रज्ञाने केलं. तो तेव्हा व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात होता. 1855 मध्ये अमेरिकन लष्कराने ही गोळी आणि तिच्यासाठीची नवी रायफल स्वीकारली. त्या वेळचे अमेरिकेचे युद्धमंत्री कोण होते? जेफरसन डेव्हिस. सहा वर्षांनी हेच डेव्हिस कॉन्फेडरसीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी मंजूर केलेल्या गोळ्या त्यांच्याच सैन्यावर बरसल्या.

बर्टनची गोष्टही कमी विलक्षण नाही. ब्रिटिशांना बंदुका हाताने नव्हे तर यंत्रावर बनवायच्या होत्या, आणि त्यात तेव्हा अमेरिका पुढे होती. त्यांनी अमेरिकेतून यंत्रं नेली आणि सोबत बर्टनलाही. तो 1855 ते 1860 एन्फिल्डच्या कारखान्यात मुख्य अभियंता होता. म्हणजे आपल्याकडे 1857 चा वणवा पेटला, तेव्हा हा गृहस्थ एन्फिल्डमध्येच कामावर होता. युद्धाच्या तोंडावर तो व्हर्जिनियात परतला आणि कॉन्फेडरसीच्या शस्त्र कारखान्यांचा प्रमुख बनला.

त्याच्या जुन्या हार्पर्स फेरीचं काय झालं? 18 एप्रिल 1861 ला युनियनच्या सैनिकांनी माघार घेताना तो कारखाना पेटवला. पण आग पूर्ण पसरली नाही. दक्षिणेच्या लोकांनी यंत्रं वाचवली आणि ती रिचमंड आणि फेएटव्हिलला हलवली. कॉन्फेडरसीच्या स्वदेशी रायफली पुढे याच यंत्रांवर बनल्या.

स्प्रिंगफिल्ड आणि एन्फिल्ड

युनियनची मुख्य बंदूक म्हणजे स्प्रिंगफिल्ड मॉडेल 1861. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या सरकारी कारखान्याचं हे नाव. लांबी 56 इंच, म्हणजे संगीन न लावताच साधारण खांद्यापर्यंत येणारी. वजन 4 किलोच्या आसपास, नळीचा व्यास 0.58 इंच. सरकारला एक बंदूक सुमारे 20 डॉलरला पडायची, आणि साध्या शिपायाचा महिन्याचा पगार होता 13 डॉलर.

तिचं खरं बळ नेमात नव्हतं, सुट्या भागांत होतं. सगळे भाग यंत्रावर एकाच मापाचे बनायचे. त्यामुळे एका बंदुकीचा मोडलेला घोडा काढून दुसरीचा बसवता यायचा. युद्धाआधी हा कारखाना वर्षाला 10 हजारांच्या आसपास बंदुका बनवत होता. 1864 मध्ये तो आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला. युद्धकाळात एकट्या स्प्रिंगफिल्डमधून सुमारे 8 लाख बंदुका बाहेर पडल्या, आणि खासगी ठेकेदारांच्या त्याहून वेगळ्या.

दक्षिणेकडे असलं काही नव्हतं. 1860 च्या जनगणनेनुसार देशातल्या बंदुकांपैकी 97 टक्के उत्पादन उत्तरेत व्हायचं. म्हणून दक्षिणेची नजर लगेच इंग्लंडकडे वळली. कॉन्फेडरसीचा एजंट केलेब ह्यूज लंडनला पोहोचला आणि मिळेल तेवढ्या एन्फिल्ड उचलू लागला. युनियनचे खरेदीदारही तिथेच होते. सुरुवातीला उत्तरेचं उत्पादनही पुरत नव्हतं, आणि शत्रूच्या हाती माल लागू नये हाही हेतू होता. बर्मिंगहॅम आणि लंडनचे बंदूकवाले दोघांनाही माल विकत होते. ब्रिटन अधिकृतपणे तटस्थ होतं, धंदा नव्हता.

या एन्फिल्डपैकी बहुतेक खासगी कारागिरांनी हाताने बनवलेल्या होत्या. त्यांचे भाग एकमेकींना बसायचेच असं नाही. पण नेमाला त्या स्प्रिंगफिल्डच्या तोडीच्या होत्या. शिवाय व्यास 0.577 इंच, म्हणजे अमेरिकन गोळी तिच्यातही चालायची. युद्धात यापेक्षा मोठी सोय नसते.

तिसरा क्रमांक ऑस्ट्रियाच्या लॉरेन्झ रायफलचा. त्याखाली युरोपातल्या गोदामांतलं जे जे भंगार खपवता येईल ते सगळं आलं. बेल्जियम आणि प्रशियाच्या जुनाट मस्केट घेऊन युनियनच्या कितीतरी पलटणी पहिली दोन वर्षं लढल्या. 4 जुलै 1863 ला व्हिक्सबर्ग पडलं, तेव्हा शरण आलेल्या दक्षिणी सैनिकांच्या नव्याकोऱ्या एन्फिल्ड पाहून जनरल ग्रँट यांनी आपल्या पलटणींना जुन्या बंदुका टाकून त्या उचलायला सांगितलं. हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. पुरवठ्यात दक्षिण नेहमीच मागे होती, हा समज इथे थोडा डळमळतो.

मुंबईचा कापूस आणि बिहारचा सोरा

एन्फिल्डचे पैसे दक्षिणेकडे कुठून येत होते? कापसातून. 1863 मध्ये पॅरिसच्या एर्लांजर बँकेमार्फत कॉन्फेडरसीने 30 लाख पौंडांचं कर्ज उभारलं, त्याला तारण होता कापूस. पण उत्तरेच्या आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली होती. राखाडी रंगाची वेगवान जहाजं रात्रीच्या अंधारात कापूस बाहेर न्यायची आणि बर्म्युडा, नासाऊमधून बंदुका आत आणायची. जहाज निसटलं तर मालक मालामाल.

तिकडून कापूस येईना, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मोर्चा आपल्याकडे वळवला. खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. शेअरचा सट्टा, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या, रोज नवी बँक असा सगळा माहोल. कापसाचा बादशहा म्हणवले जाणारे प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली, तेजी भरात असताना, मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि फुगा फुटला. यावर स्वतंत्र लेख होईल, इथे एवढंच पुरे.

दुसरा धागा फारसा कोणी सांगत नाही, तो दारूचा. बंदुकीच्या दारूत गंधक, कोळसा आणि सोरा लागतो. त्यात सोऱ्याचा वाटा सगळ्यात मोठा, आणि त्या काळी जगातला उत्तम सोरा यायचा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भारतातून, मुख्यतः बिहारमधून. 1861 च्या शेवटी युनियनने दारू बनवणाऱ्या ड्यू पाँ घराण्यातल्या लॅमॉट ड्यू पाँ यांना गुपचूप इंग्लंडला पाठवलं आणि त्यांनी बाजारातला 2 हजार टनांहून जास्त सोरा विकत घेतला.

नेमकं तेव्हाच युनियनच्या युद्धनौकेने ‘ट्रेंट’ हे ब्रिटिश जहाज अडवून दक्षिणेच्या दोन दूतांना उतरवून घेतलं होतं. ब्रिटन खवळलं, युद्धाची भाषा सुरू झाली आणि सोऱ्याची जहाजं बंदरातच अडकली. लिंकन यांनी दूतांना सोडलं, मग सोराही सुटला. भारतातल्या खारट मातीतून निघालेल्या पांढऱ्या पुडीवर तेव्हा अमेरिकेचं बरंच काही अवलंबून होतं.

दक्षिणेला हा सोरा मिळणं अवघड होतं. त्यांनी गुहा खणल्या, जुन्या घरांखालची आणि तबेल्यांखालची माती काढून त्यातून सोरा गाळला. बंदुकीच्या टोप्यांसाठी तांबं लागायचं. ते संपलं तेव्हा शस्त्रपुरवठा प्रमुख जोसाया गॉर्गस यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या दारूभट्ट्यांची तांब्याची भांडी वितळवायला घेतली. बंदूक असणं वेगळं, आणि ती रोज चालत राहणं वेगळं.

गोळी लागल्यावर काय व्हायचं?

मऊ शिशाची, अर्ध्या इंचाहून जाड गोळी. वेग आजच्या रायफलच्या मानाने कमी, त्यामुळे ती आरपार न जाता हाडावर आदळून पसरायची. हाडाचे तुकडे व्हायचे आणि कपड्याच्या चिंध्या जखमेत शिरायच्या. जंतूंबद्दलचं ज्ञान अजून डॉक्टरांपर्यंत पोहोचलं नव्हतं. सर्जन एकाच करवतीने एकामागून एक ऑपरेशन करायचे. हात किंवा पाय कापणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग होता. सुमारे 60 हजार अवयव कापले गेल्याचा अंदाज आहे. ‘भूल न देता कापायचे’ हे सिनेमात दिसतं, पण क्लोरोफॉर्म आणि ईथर तेव्हा बहुतेक ठिकाणी वापरलं जात होतं.

युनियनच्या वैद्यकीय नोंदींमध्ये ज्या जखमांचं कारण लिहिलेलं आहे, त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त गोळीच्या आहेत. तोफेच्या जेमतेम 5-6 टक्के. आणि संगिनीच्या? 1 टक्क्याहूनही कमी. अर्थात तोफगोळा लागलेला माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचायचाच असं नाही, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायला हवेत.

मग ‘जुनी डोकी, नवी बंदूक’ ही थिअरी खरी का?

पाठ्यपुस्तकी कथा अशी: नवी रायफल 500 यार्डांवरून मारत होती, पण सेनापती अजूनही नेपोलियनच्या काळासारखे सैनिकांना रांगेत उभं करून चालवत होते, म्हणून एवढे मेले. उदाहरणही तयार असतं. 13 डिसेंबर 1862 ला फ्रेडरिक्सबर्गमध्ये दगडी भिंतीमागे दक्षिणेचे सैनिक होते आणि युनियनच्या तुकड्या मोकळ्या उतारावरून पुन्हा पुन्हा त्यांच्यावर चालून गेल्या. एकही भिंतीपर्यंत पोहोचली नाही. किंवा 3 जुलै 1863 चा गेटिसबर्गचा पिकेट चार्ज. 12 हजारांवर माणसं उघड्या शेतातून निघाली, त्यातली निम्म्याहून जास्त गमावली.

पण गेल्या 40 वर्षांत काही इतिहासकारांनी लढायांची वर्णनं नीट चाळली आणि वेगळंच चित्र समोर आलं. पॅडी ग्रिफिथ यांच्या हिशेबाने गोळीबाराचं सरासरी अंतर सव्वाशे यार्डांच्या आसपास निघतं. अर्ल हेस यांनी तर या विषयावर अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की प्रत्यक्ष रणांगणावर ही रायफल जुन्या मस्केटइतक्याच अंतरावर वापरली जात होती.

कारण साधं आहे. मिनिए गोळी हळू जायची, त्यामुळे लांबच्या नेमासाठी ती कमानीसारखी वर उडवावी लागायची. 300 यार्डांसाठी पट्टी लावली तर मधल्या अंतरावर गोळी माणसाच्या डोक्यावरून जाणार. अंतराचा अंदाज 50 यार्डांनी चुकला की गोळी वाया. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थ्रो टाकणाऱ्याला हे लगेच कळेल. हा अंदाज सरावाने येतो, आणि ब्रिटिशांनी त्यासाठी हाइथ इथे खास शाळा काढली होती. अमेरिकेत मात्र बहुतेक रंगरुटांना बंदूक भरायची कवायत शिकवली, नेमबाजी फारशी नाही. अपवाद होते. दक्षिणेचे जनरल पॅट्रिक क्लेबर्न आधी ब्रिटिश सैन्यात होते, त्यांनी आपल्या माणसांकडून हाइथच्या पद्धतीने सराव करून घेतला. पण असे थोडेच. वर रणांगणावर काळ्या दारूचा धूर इतका की 100 यार्डांवरचंही नीट दिसत नसे.

मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते. भिंतीमागून किंवा खंदकातून झाडलेली रायफल भयंकर होती यात शंका नाही, पण फ्रेडरिक्सबर्गच्या त्या उतारावर जुनी मस्केट असती तरी निकाल फार वेगळा लागला असता असं वाटत नाही. म्हणूनच जवळून लढायचं असेल तर युनियनची आयरिश ब्रिगेड मुद्दाम जुनी गुळगुळीत मस्केट वापरायची. तिच्यात एक मोठी गोळी आणि तीन छर्रे एकदम भरता यायचे.

सैनिकांची मनःस्थिती काय असेल, हे गेटिसबर्गच्या एका नोंदीतून कळतं. लढाईनंतर मैदानातून 27 हजारांहून अधिक बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक भरलेल्या होत्या. हजारोंमध्ये दोन-दोन काडतुसं एकावर एक ठासलेली, काहींत त्याहून जास्त. एका बंदुकीत 23 बार भरलेले निघाले! काहींची टोपी पेटली नसेल आणि गोंगाटात त्यांना कळलंच नसेल. काहींना भीतीने सुचेनासं झालं असेल. आणि काहींना समोरच्या माणसावर चाप ओढायचाच नसेल, असंही मानणारे अभ्यासक आहेत. 23 वेळा भरणाऱ्या त्या माणसाचं नेमकं काय झालं होतं, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

सात बार असलेली रायफल सगळ्यांना का दिली नाही?

तंत्रज्ञान तर होतं. स्पेन्सर रायफलच्या दस्त्यात 7 काडतुसं बसायची, हेन्रीमध्ये 16. ठासणीची बंदूक मिनिटाला तीन बार काढायची, स्पेन्सर 14 च्या पुढे. 24 जून 1863 ला हूव्हर्स गॅप इथे कर्नल वाइल्डर यांच्या ब्रिगेडने स्पेन्सरच्या जोरावर खिंड धरून ठेवली. या बंदुकांसाठी सैनिकांनी स्वतःच्या पगारातून पैसे कापून द्यायची तयारी दाखवली होती. ऑगस्ट 1863 मध्ये लिंकन यांनी स्वतः स्पेन्सर चालवून पाहिली.

आडवे आले ते युनियनचे शस्त्रपुरवठा प्रमुख जेम्स रिपली. त्यांना बहुतेक लोक जुनाट विचारांचा म्हातारा म्हणून निकालात काढतात. पण लाखो सैनिकांना एकाच मापाच्या गोळ्या पोहोचवताना ज्याची दमछाक होत होती, त्याला आणखी नव्या मापांची काडतुसं नको वाटणं समजण्यासारखं आहे. सप्टेंबर 1863 मध्ये ते निवृत्त झाले. सरकारने शेवटी 1 लाखाच्या आसपास स्पेन्सर घेतल्या, त्याही मुख्यतः घोडदळासाठी. हेन्री जेमतेम 1,700 च्या आसपास घेतल्या, बाकी सैनिकांनी पदरमोड करून घेतल्या. हेन्री बनवणारी कंपनी पुढे विंचेस्टर झाली. दक्षिणेच्या हाती स्पेन्सर लागल्या तरी त्या निरुपयोगीच ठरायच्या, कारण तिची तांब्याची काडतुसं बनवायला तांबंही नव्हतं आणि यंत्रंही.

दुसऱ्या टोकाला होती इंग्लंडची व्हिटवर्थ. षटकोनी नळी, दुर्बीण लावता येणारी, आणि इतकी महाग की दक्षिणेने ती मोजक्याच नेमबाजांना दिली. 9 मे 1864 ला स्पॉट्सिल्व्हेनियात जनरल जॉन सेजविक आपल्या बिचकणाऱ्या सैनिकांना समजावत होते की एवढ्या लांबून त्यांना हत्तीही टिपता यायचा नाही. काही क्षणांत गोळी त्यांच्या डाव्या डोळ्याखाली लागली. ती व्हिटवर्थची होती असं मानलं जातं.

पिस्तुलांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अधिकारी आणि घोडेस्वार कोल्ट किंवा रेमिंग्टनची सहाबारी वापरायचे. मिसुरीतले गनिमी टोळीवाले मात्र एकेकजण चार-चार रिव्हॉल्व्हर बाळगायचे, कारण घोड्यावर बसून बंदूक ठासणं जमत नाही.

बंदूक कोणाच्या हातात द्यायची?

या युद्धातला सगळ्यात मोठा प्रश्न माझ्या मते हा होता. 1 जानेवारी 1863 च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर कृष्णवर्णीयांची भरती खुली झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय युनियनच्या सैन्यात लढले, त्यातले बरेचजण कालपर्यंत गुलाम होते. सुरुवातीला त्यांना 13 ऐवजी 10 डॉलर पगार, त्यातूनही 3 डॉलर कपड्यांचे कापून. मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने असा पगार घ्यायलाच नकार दिला आणि बिनपगारी लढत राहिले. जून 1864 मध्ये संसदेने समान पगार मंजूर केला. 18 जुलै 1863 ला फोर्ट वॅग्नरवर चालून गेलेल्या याच पलटणीच्या हातात होती एन्फिल्ड पॅटर्न 1853.

शत्रूसाठी ते सैनिक नव्हते, बंडखोर गुलाम होते. 12 एप्रिल 1864 ला फोर्ट पिलोमध्ये शरण येणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली.

आपल्याकडेही तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारला गेला. 1857 नंतर ब्रिटिशांनी हिंदी शिपायांसाठी दिसायला हुबेहूब एन्फिल्ड, पण आतून गुळगुळीत नळीची मस्केट बनवली. खाचा काढून टाकलेल्या. गोऱ्या सैनिकाची गोळी लांब जाणार आणि हिंदी शिपायाची नाही, याची सोय कारखान्यातच केलेली होती.

युद्ध संपल्यावर

युनियनच्या सैनिकांना घरी जाताना आपली मस्केट 6 डॉलरला विकत घ्यायची मुभा मिळाली. हजारोंनी घेतली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना बंदूक बाळगायला बंदी घातली.

उरलेल्या स्प्रिंगफिल्डची नळी मागून कापून तिथे झडप बसवली गेली, म्हणजे काडतूस मागून भरता येईल. ब्रिटिशांनीही जुन्या एन्फिल्डचं तेच केलं, त्याला स्नायडर म्हणतात. ठासणीचा जमाना दहा वर्षांच्या आत संपला.

आणि ज्यांना नेमबाजी कधी नीट शिकवलीच नाही त्या सैनिकांचं काय? ते पाहून वैतागलेल्या युनियनच्या माजी अधिकाऱ्यांनी 1871 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक संस्था काढली. नाव नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे आज अमेरिकेत बंदुकीच्या प्रत्येक वादात ऐकू येणारी एनआरए. तिचे पहिले अध्यक्ष होते अँब्रोज बर्नसाइड. फ्रेडरिक्सबर्गच्या त्या दगडी भिंतीवर पलटणींमागून पलटणी पाठवणारे सेनापती तेच.